वाइराऊच्या कवट्या, इनामगावचे पाय

माओरी भाषेत 'इवी' असा एक शब्द आहे. इथे न्यूझीलंडमध्ये तो रोज बातम्यांमध्ये कानावर पडतो. अमुक इवीने सरकारशी करार केला, तमुक इवीने धरणाला विरोध केला वगैरे. इवी म्हणजे जमात. पण याच शब्दाचा दुसरा अर्थ आहे हाड. 'तुझी इवी कुठली?' या प्रश्नाचा शब्दशः अर्थ 'तुझी हाडं कुठली?' असाही लावता येईल. आपल्याला हे फार परकं वाटायचं कारण नाही. आपणही 'हाडाचा शेतकरी' म्हणतो, पिढ्यान्पिढ्यांच्या भांडणाला 'हाडवैर' म्हणतो. आणखी एक गंमत म्हणजे जमिनीला त्यांच्यात 'फेनुआ' म्हणतात, आणि बाळाच्या वारेलाही फेनुआच. ती वार ते आपल्या जमिनीत पुरतात. आपल्याकडेही 'माझी नाळ तिथे पुरली आहे' असं माणूस गावाबद्दल म्हणतोच की!

मी राहतो ते बॉटनी डाउन्स हे ऑकलंडच्या पूर्वेकडचं उपनगर. सगळी गेल्या काही दशकांतली वस्ती. एकसारखी कौलं, एकसारखी कुंपणं, एक मोठा मॉल, आणि शनिवारी त्यात निम्मे आशियाई चेहरे. इथे जुनं असं काही दिसत नाही. पण गाडीने थोडं पुढे गेलं की ओहुइआरांगी नावाची ज्वालामुखीची टेकडी लागते. एके काळी त्यावर माओरींचा गढीवजा 'पा' होता. पुढे टेकडीचा बराचसा भाग खाणीत गेला. भारतातून येणारे आपले आईवडील ज्या विमानतळावर उतरतात, तिथेही उत्तरेकडच्या धावपट्टीचं खोदकाम चालू असताना जुन्या मानवी अस्थी सापडल्या होत्या. म्हणजे जमीन नवी नाही, घरं नवी आहेत.

माझं पोटापाण्याचं काम धातूंच्या थकव्याचं आहे. मोडलेला तुकडा हातात आला की त्याच्या मोडलेल्या तोंडावरच्या रेषा वाचायच्या आणि त्यावर कधी, किती आणि कुठून ताण आला हे सांगायचं. हाडांचे अभ्यासक जवळपास हेच करतात म्हणून मी त्यांचं लिखाण वाचायला लागलो. फरक एवढाच, की माझ्या तुकड्याचे नातेवाईक दारात येऊन उभे राहत नाहीत. त्यांच्या राहतात. आज त्याबद्दलच लिहायचं आहे.

आधी काळ नक्की करू. ज्ञानेश्वरी पूर्ण झाली ती परंपरेप्रमाणे शके १२१२ मध्ये, म्हणजे इ.स. १२९०. १२९६ मध्ये अल्लाउद्दीन खिलजी देवगिरीवर चालून आला. पुढच्या वीसेक वर्षांत यादवांचं राज्य संपलं. जवळपास याच सुमाराला, तेराव्या शतकाच्या अखेरीस, पूर्व पॉलिनेशियातल्या बेटांवरून काही माणसं होड्यांतून न्यूझीलंडच्या किनाऱ्याला लागली. जगातला माणूस नसलेला इतका मोठा, राहण्याजोगा प्रदेश तोवर दुसरा शिल्लक नव्हता. आता बघा, यादवकाळातल्या आपल्या लोकांची भाषा आपल्याला माहीत आहे, देव माहीत आहेत, देवळं आहेत, शिलालेख आहेत, अभंग आहेत. नाहीत ती फक्त माणसं. बहुतेकांना आपण जाळलं आणि तिसऱ्या दिवशी अस्थी वेचून नदीत सोडल्या. (बहुतेकांना म्हणतोय. लिंगायत, मुसलमान, संन्यासी आणि तान्ही बाळं यांना पुरायची रीत होतीच.) इथे नेमकं उलटं. या पहिल्या दर्यावर्दींनी लिहिलेलं एक अक्षर नाही. आहेत ती त्यांची हाडं.

ती सापडली वाइराऊ बार इथे. दक्षिण बेटाच्या उत्तर टोकाशी वाइराऊ नदी समुद्राला मिळते, तिथे दगडगोट्यांचा एक लांबलचक बांध नैसर्गिकरीत्या तयार झाला आहे. जवळचं गाव ब्लेनहाइम. हल्ली लोक तिथे वाइन चाखायला जातात, आपले पर्यटकही जातात. पण या बांधाकडे सहसा कोणी वळत नाही.

१९३९ च्या जानेवारीत, म्हणजे इथल्या उन्हाळी सुट्टीत, जिम आइल्स नावाचा तेरा वर्षांचा मुलगा तिथे खणत होता. त्याच्या हाताला भोपळ्यासारखं काहीतरी लागलं. ते मोआचं अंडं होतं. मोआ म्हणजे इथले न उडणारे पक्षी. त्यांतली सर्वांत मोठी मादी दोनशे किलोच्याही वर भरायची. या अंड्याला एका टोकाशी भोक पाडलेलं होतं, म्हणजे कोणीतरी ते पाण्याच्या भांड्यासारखं वापरलं होतं. शेजारी माणसाचा सांगाडा आणि व्हेलच्या दाताचे मणी ओवलेला हार. शाळकरी पोराला सुट्टीत यापेक्षा मोठं घबाड काय मिळणार! १९४२ मध्ये त्याला आणखी दफनं सापडली आणि क्राइस्टचर्चच्या कँटरबरी म्युझियममधून रॉजर डफ हा अभ्यासक आला. पुढची काही वर्षं खणणं चाललं. चाळीसहून अधिक माणसांचे सांगाडे निघाले, आणि त्यांच्यासोबत दगडी वाकसं, हार, मोआची अंडी.

डफचं १९५० चं पुस्तक या क्षेत्रात मैलाचा दगड मानतात, आणि ते योग्यच आहे. तोवर इथल्या गोऱ्या लोकांत एक समज पक्का होता, की माओरींच्या आधी इथे दुसरीच कुठली तरी मागासलेली जात राहत होती आणि माओरींनी तिला हुसकावलं. (सोयीचा समज. तुम्ही हुसकावलंत, आम्हीही हुसकावलं, फिट्टंफाट!) वाइराऊच्या वस्तू पूर्व पॉलिनेशियातल्या वस्तूंशी जुळतात आणि मोआची शिकार करणारे हे लोक माओरींचेच पूर्वज होते, हे डफने दाखवून दिलं.

आणि इथेच एक विचित्र गोष्ट घडली. हे माओरींचे पूर्वज आहेत असं पुस्तकात सिद्ध झालं, पण हाडं मात्र गेली म्युझियमच्या खोक्यांत. त्या भागातल्या रांगिताने या जमातीचा या उकरण्याला विरोध होता, तो कोणी मनावर घेतला नाही. बरं, हाडं नेली ती नेली, त्यांचा अभ्यास तरी झाला का? वाकसं मोजली गेली, हारांची चित्रं छापली गेली, अंड्यांची कौतुकं झाली. खुद्द माणसांकडे साठ वर्षं फारसं कोणी पाहिलं नाही. मला हे सगळ्यात खुपतं. चोरी केली आणि वर माल फारसा वापरलाही नाही, असा प्रकार.

शेवटी रांगिताने आणि म्युझियम यांच्यात बोलणी होऊन हाडं परत करायचं ठरलं. त्याआधी ओटागो विद्यापीठाच्या अभ्यासकांना ती तपासू द्यायला जमातीने संमती दिली. हॅली बकली हाडांसाठी, लिसा मॅटिसू-स्मिथ डीएनएसाठी, रिचर्ड वॉल्टर उत्खननासाठी. १६ एप्रिल २००९ रोजी सगळ्या अस्थी वाइराऊ बारवर परत नेऊन विधिपूर्वक पुरल्या गेल्या. आपल्याला जे काही त्या माणसांबद्दल आज ठाऊक आहे, त्यातलं बरंचसं या संमतीनंतरचं आहे. आधीच्या साठ वर्षांतलं नव्हे.

काय कळलं ते सांगतो. हा भाग मला स्वतःला फार आवडतो, तेव्हा जरा पाल्हाळ लागेल, सांभाळून घ्या.

दात ही एक अजब वस्तू आहे. हाड आयुष्यभर झिजतं आणि पुन्हा भरतं. त्यामुळे हाडातलं द्रव्य मरणाआधीच्या काही वर्षांचं असतं. दातावरचं कवच मात्र लहानपणी एकदा तयार झालं की झालं, त्याची डागडुजी शरीर करत नाही. म्हणजे दात हा बालपणाचा दाखला आणि हाड हा उतारवयाचा. आता स्ट्रॉन्शियम नावाचं मूलद्रव्य घ्या. त्याचे जड-हलके प्रकार खडकागणिक वेगवेगळ्या प्रमाणात असतात. खडकातून मातीत, मातीतून पाण्यात आणि भाजीपाल्यात, तिथून पोराच्या दातात. दातातलं प्रमाण मोजलं आणि जिथे पुरलं तिथल्या मातीशी ताडून पाहिलं, की हे पोर याच गावात वाढलं की बाहेरून आलं ते समजतं. आहाराचंही तसंच. जड नायट्रोजन खाणाऱ्याच्या अंगात साठत जातो. गवतापेक्षा गवत खाणाऱ्यात जास्त, त्याला खाणाऱ्यात आणखी जास्त. मोठे मासे आणि सील खाणारा माणूस हाडावरून ओळखू येतो.

वाइराऊची दफनं अभ्यासकांनी गटांत विभागली आहेत. पहिल्या गटात सात जण. यांच्याबरोबर अंडी, हार, वाकसं सगळा जामानिमा होता. इतर गटांतल्या लोकांबरोबर फारसं काही नव्हतं, आणि त्यांतले बरेच पालथे पुरलेले. २०१३ मध्ये रेबेका किनॅस्टन आणि सहकाऱ्यांनी मोजमापं प्रसिद्ध केली. पहिल्या गटातल्या माणसांचं खाणं एकमेकांसारखं निघालं आणि त्यांचं बालपणही एकसारख्या जागी गेलेलं. पहिल्या वसाहतकारांतले ते असू शकतील असा अभ्यासकांचा अंदाज आहे. बाकीच्यांचं खाणं मात्र एकाचं एक तर दुसऱ्याचं दुसरं, आणि ही माणसं देशाच्या वेगवेगळ्या भागांत राहिलेली होती. म्हणजे बांधावर राहणारेच तिथे पुरले गेले असं नाही. दूरदूर पांगलेली माणसं शेवटी तिथे येऊन विसावली. कोणी आणून पुरली, की येऊन मेली, हे हाडं सांगत नाहीत. पण ज्या देशात एकही रस्ता नव्हता तिथे इतकी ये-जा होती, हेच मुळात मोठं आहे.

डीएनएचा निकाल २०१२ मध्ये आला. चार जणांचा आईकडून येणारा पूर्ण जनुकसंच वाचता आला, आणि त्यांतल्या तिघांचं तरी आईकडून जवळचं नातं नव्हतं. पूर्वी एक चित्र असंही होतं, की एखाद-दुसरी होडी भरकटत आली असेल आणि त्यातल्या मूठभर बायकांपासून सगळा वंश वाढला असेल. चारातच इतकी विविधता निघाली म्हटल्यावर ते चित्र पुसावं लागलं. घरदार, बियाणं, कुत्री घेऊन ठरवून आलेले हे लोक होते. तिथे सापडलेल्या वस्तूंत उष्ण समुद्रातल्या शंखाची एक पटाशीही आहे. तो शंख न्यूझीलंडच्या थंड पाण्यात होत नाही. कोणीतरी ती पटाशी जुन्या गावाहून सामानात आणली होती. परदेशी येताना आपल्यापैकी कोण कोण पोळपाट-लाटणं घेऊन आलं ते आठवा!

हे लोक जगले कसे? पहिली माणसं नशीबवान म्हणायची. मोआ, सील, मासे, पक्षी, सगळं भरपूर. पण सव्वाशे-दीडशे वर्षांत मोआ संपले, संपवले. नारळ, फणसासारखा ब्रेडफ्रूट, केळी ही बेटांवरची पिकं इथल्या थंडीत तगत नाहीत. पुढच्या शतकांतल्या माओरींना नेच्याच्या मुळ्या कुटून, चघळून त्यातला पिठूळ भाग खावा लागे. त्याची खूण दातांवर आहे. दाढा तिरप्या झिजून थेट मुळापर्यंत गेलेल्या. फिलिप हॉटन या ओटागोच्याच शरीरशास्त्रज्ञाने १९८० च्या पुस्तकात जुन्या माओरींचं मोठं माणूस झाल्यानंतरचंही सरासरी मरणाचं वय तिशीच्या आसपास सांगितलं. त्याच्या अभ्यासातली आणखी एक गोष्ट म्हणजे जबडा. पॉलिनेशियन माणसाच्या खालच्या जबड्याची कड खालून गोलसर असते. टेबलावर ठेवून हलकासा धक्का दिला तर आरामखुर्चीसारखा डुलतो.

वाइराऊच्या काही सांगाड्यांना कवट्या नव्हत्या. माणूस पुरल्यानंतर काही काळाने जागा पुन्हा उकरून डोकं काढून नेलं होतं. हे काही क्रौर्य नव्हे. माओरींमध्ये डोकं हा देहाचा सर्वांत पवित्र भाग, आणि पुढच्या काळात तर पुरलेली हाडं वर काढून, घासून, गेरू लावून पुन्हा गुप्त जागी ठेवायचा मोठा विधीच होता. याची मुळं फार मागे जातात. वानुआतूमध्ये तेओउमा इथे तीन हजार वर्षांपूर्वीचं स्मशान २००३ मध्ये माती काढताना अचानक सापडलं. पॉलिनेशियनांच्या पूर्वजांपैकी जे लोक तिथे पुरले होते, त्यांच्यात मोठ्या माणसांची डोकी नंतर काढून घेतलेली होती. एक कवटी मडक्यात, तर एका माणसाच्या छातीवर दुसऱ्यांच्या तीन कवट्या. आणि त्या सांगाड्यांत संधिवाताच्या, तोही युरिक अॅसिडच्या, खुणा होत्या. आज ऑकलंडमध्ये माओरी आणि बेटांवरच्या लोकांत हाच आजार इतरांपेक्षा कितीतरी जास्त आहे. त्यांना सर्रास ऐकवलं जातं की तुमचं खाणं-पिणं वाईट. तीन हजार वर्षांपूर्वी ना बिअर होती ना डबाबंद मांस. हाडांमुळे निदान ही एक टोचणी तरी कमी व्हायला हवी.

आता तुम्ही म्हणाल, आपल्याकडे अशी हाडं नाहीतच का? आहेत ना, फक्त दोन-अडीच हजार वर्षं आधीची. पुणे जिल्ह्यात, शिरूर तालुक्यात, घोड नदीच्या काठी इनामगाव आहे. १९६८ ते १९८३ या काळात डेक्कन कॉलेजने तिथे खणलं. सांकलिया, ढवळीकर, अन्सारी ही मोठी नावं. इ.स.पू. १६०० ते ७०० अशी नऊशे वर्षं तिथे शेतकऱ्यांचं गाव नांदत होतं, आणि त्या लोकांनी आपली माणसं जाळली नाहीत, घराच्या जमिनीखाली किंवा अंगणात पुरली. दोनशेहून अधिक दफनं मिळाली, त्यांत बहुसंख्य लहान मुलं. बाळाला दोन मडक्यांत ठेवायचं, मडक्यांची तोंडं एकमेकांना भिडवायची आणि आडवी करून पुरायची. मला तरी हे पाहून आईच्या पोटाखेरीज दुसरं काही आठवत नाही.

मोठ्या माणसाला आडवं, डोकं उत्तरेला करून. आणि घोट्यापासून पाय तोडून.

एक जण मात्र वेगळा. पाच खोल्यांच्या मोठ्या घराच्या अंगणात चार पायांचा, कच्च्या मातीचा फुगीर रांजण निघाला आणि त्यात मांडी घालून बसवलेला पुरुष. याचे पाय तोडले नव्हते. गावचा मुखिया असावा असं म्हणतात. म्हणजे बाकीच्यांना एकही पाऊल नाही आणि याला रांजणाचे धरून सहा!

पाय का तोडले? मेलेला भूत होऊन चालत परत येऊ नये म्हणून, असं उत्तर पूर्वीपासून दिलं जातं. आपल्याकडे भुताचे पाय उलटे असतात हे पोरासोरांनाही माहीत, त्यामुळे ते लगेच पटतं. मला मात्र ते तितकंसं पटत नाही. ज्याची भीती वाटते त्याला कोणी स्वयंपाकघराच्या जमिनीखाली पुरेल का? गावाबाहेर लांब टाकेल. घरात पुरून वर पाय काढून घेणं यात मला 'येऊ नकोस' यापेक्षा 'जाऊ नकोस' जास्त ऐकू येतं. वाइराऊचे लोक डोकं घेऊन आपल्याबरोबर जात, इनामगावचे लोक पाय काढून घेऊन जवळ ठेवत, असा माझा आपला अंदाज. अभ्यासक नाही मी, तेव्हा यावर कोणी प्रबंध लिहू नये.

इनामगावच्या हाडांचा अभ्यास मात्र इमानाने झाला. जॉन लुकाच आणि सुभाष वाळिंबे यांनी दातांची आणि सांगाड्यांची बारकाईने नोंद केली. पुढे ग्वेन रॉबिन्स शुग या बाईंनी पोरांची हाडं मोजली आणि २०११ मध्ये त्यावर पुस्तक लिहिलं. इ.स.पू. १००० नंतरच्या काळात मोठी चौकोनी घरं जाऊन लहान गोल झोपड्या आल्या होत्या, हे खणताना कळलं होतंच. मुलांच्या हाडांत त्याची दुसरी बाजू दिसली. त्या शेवटच्या काळातली बाळं वयाच्या मानाने खंगलेली होती. शिरूरच्या दुष्काळी पट्ट्यातल्या वाचकांना हे वाचताना काय वाटेल, मला सांगता येत नाही.

पण इनामगावच्या हाडांना वाली कोणी नाही. हे आमचे आहेत, परत द्या, असं म्हणायला शिरूर तालुक्यातून कोणी डेक्कन कॉलेजच्या दारात गेल्याचं माझ्या तरी ऐकिवात नाही. जाणार तरी कोण? अडीच-तीन हजार वर्षांत रीत बदलली, भाषा बदलली. जाळणाऱ्यांना पुरणारे आपले वाटत नाहीत. वास्तविक आज घोड नदीच्या काठी नांगर धरणाऱ्यांत त्यांचं रक्त असण्याची शक्यता मला पुष्कळ वाटते. आणि तान्ह्या बाळाला आपण आजही जाळत नाही, पुरतो. ती रीत तिथूनच आली का, हे मात्र हाडांवरून नाही सांगता येत.

इथल्या काही गोऱ्या सहकाऱ्यांचं मत असं, की हाडं परत पुरणं म्हणजे ग्रंथालय जाळणं. उद्या नवं यंत्र आलं तर तपासायचं काय? मुद्दा खोटा नाही. २००९ मध्ये जे तंत्र होतं त्यापेक्षा आजचं कितीतरी पुढे गेलं आहे. पण मग मला त्या साठ वर्षांची आठवण द्यावी लागते. ग्रंथालय उघडं होतं, पुस्तकं फळीवर होती, आणि फारशी कोणी वाचली नाहीत. मालकाने 'वाचा आणि परत करा' म्हटल्यावर चार वर्षांत इतकी माहिती बाहेर आली. नातवाला न विचारता आजोबांची हाडं खोक्यात ठेवायची आणि त्याला शास्त्र म्हणायचं, हे मला पटत नाही, मी स्वतः शास्त्राचं खात असलो तरी.

आता वाइराऊपुढे एक नवीनच अडचण आली आहे. तो बांध समुद्रसपाटीपासून जेमतेम वर आहे. समुद्राची पातळी वाढते आहे आणि मोठ्या वादळात पाणी थेट त्या जागेवर येण्याचा धोका आहे. रांगिताने जमात आणि शास्त्रज्ञ मिळून हल्ली त्याचाच अभ्यास करत आहेत. दुसऱ्यांदा विसावलेल्या या माणसांना तिसऱ्यांदा उचलायचं, की भिंत बांधायची, की ज्या समुद्रातून ती आली त्यालाच परत द्यायची? हे ठरवणार त्यांची इवी. या वेळी निदान विचारलं तरी आधी त्यांनाच जाईल.